दीपगृहांची रांग

आमच्या कंपनीला दर दोन-तीन वर्षांनी आपली माणसं ओळखण्याची उबळ येई. मी नोकरीला लागले तेव्हा रंगांचं चालू होतं. अमका लाल, तमकी हिरवी. मी निळी निघाले, आणि निळ्या माणसांशी मुद्देसूद बोलावं असं माझ्या साहेबांना कळवण्यात आलं. ते बिचारे महिनाभर मुद्देसूद बोलले, मग दमले. रंगांनंतर अक्षरं आली. आणि अक्षरांनंतर, ज्या वर्षी समुद्रापलीकडच्या जंगलांचा धूर सिंगापूरवर आठवडेच्या आठवडे बसून राहिला त्या वर्षी, ब्राउझरची क्विझ आली.

माझं काम पत्रकं लिहिण्याचं. वरिष्ठांच्या मनात येईल त्याला व्याकरण पुरवायचं. त्यामुळे रॅफल्स प्लेसच्या त्या इमारतीत असल्या लाटा सगळ्यात आधी माझ्या टेबलाला येऊन लागत. या वेळचा विचार असा होता की माणूस चारचौघांत कसा वागतो याला फारसा अर्थ नाही. इंटरनेटवर एकटा असताना कसा वागतो त्यावरून तो खरा कळतो. किती टॅब उघडे ठेवतो, पान शेवटपर्यंत वाचतो की मध्येच सोडतो, एक गोष्ट शोधायला जाऊन भलतीकडे किती भरकटतो. उत्तरं द्यायची आणि शेवटी आपण कोण ते कळायचं: खार, फुलपाखरू, माळी, पाणबुड्या किंवा दीपगृह. घरोघरी लोक तेव्हा फोनवर असली कोडी सोडवतच होते. तुम्ही कुठला मसाला, तुम्ही कुठलं फळ. तिथे निदान आपण मिरी निघालो म्हणून कुणाची बढती अडत नव्हती.

उद्घाटनाला सल्लागार आले. सुटाखाली पांढरेशुभ्र बूट, कानावरून गालापर्यंत आलेला माइक, आणि आपण काही लपवत नाही हे दाखवायला सतत उघडे ठेवलेले तळवे. ते म्हणाले, हा एक प्रवास आहे. ते म्हणाले, यात कुठलंच उत्तर बरोबर नाही आणि कुठलंच चूक नाही. मग हिरव्या पांदान केकचे तुकडे वाटले. खिडकीतून एरवी समुद्राची एक पट्टी दिसे, ती त्या दिवशी नव्हती. समोरच्या बँकेची इमारतही अर्धीच होती. मनुष्यबळ विभागाच्या प्रमुखबाई गोड बोलणाऱ्या होत्या आणि त्यांना सगळ्यांची नावं पाठ असत. त्या माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "पत्रकात 'परीक्षा' हा शब्द कुठेही येऊ देऊ नका."

मी क्विझ तिथेच, केक खाता खाता सोडवली. खार निघाले. खार पानं उघडून ठेवते, वाचत नाही, पण तिला ती बंदही करवत नाहीत, असं खाली लिहिलं होतं. माझ्या स्वयंपाकघरातल्या रिकाम्या डब्यांविषयीही यांना कुणी सांगितलंय की काय असं वाटलं. पत्रिकेवर माझा विश्वास नाही, पण तिथे निदान ग्रह आपल्याकडून फॉर्म भरून घेत नाहीत.

त्या संध्याकाळी बसमध्ये शेजारी भेटला. आम्ही राहायचो त्या मरीन परेडला तेव्हा एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, नव्हती, त्यामुळे आम्ही जाता-येता एकाच बसमध्ये असायचो. तो मूळ कोथरूडचा, आमच्याच ब्लॉकमध्ये दोन मजले खाली राहणारा, आमच्याच कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये. वयाने माझ्याहून बराच लहान. तोंडावरचा मास्क हनुवटीवर ओढून त्याने विचारलं, "ताई, बरोबर उत्तरं कुठली?"

"बरोबर उत्तरं नाहीत म्हणाले ना ते."

"नसतील तर प्रश्न कशाला विचारतील?"

मी हसले. तो हसला नाही. त्याचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे नोकरी असेपर्यंत इथे राहण्याचा परवाना, येत्या मार्चमध्ये संपत होता आणि नूतनीकरणाचा अर्ज कंपनीने करायचा होता. कायम वास्तव्यासाठी त्याने दोनदा अर्ज केला होता, दोन्ही वेळा नकार आला होता. बायको आणि मुलगी त्याच्या पासवर राहत होत्या. मुलगी पुढच्या वर्षी दहावीच्या तोडीच्या परीक्षेला बसणार होती, तेही इथल्या. त्या अभ्यासक्रमाचं पुण्यात कुणी काय केलं असतं देव जाणे. मार्चमध्ये कंपनीने कागद पुढे केला नसता तर घर, शाळा, गेली आठ वर्षं, सगळं महिन्याभरात गुंडाळायला लागलं असतं. आम्हाला कायम वास्तव्य मिळून बरीच वर्षं झाली होती. खार निघणं मला परवडत होतं.

"आमचे साहेब काय निघाले माहितीये?" तो म्हणाला. "दीपगृह."

"सगळेच साहेब दीपगृह निघालेत," मी म्हटलं. पत्रकासाठी ती माहिती माझ्याकडे आली होती. दीपगृह म्हणजे एका वेळी एकच पान उघडणारा, काम झालं की मिटणारा, इतरांना वाट दाखवणारा. दीपगृह स्वतः कधी कुठे जात नाही, हे वरच्या मजल्यावर कुणाला खटकलेलं दिसलं नाही.

रविवारी त्याने घरी बोलावलं. मला वाटलं पोहे खायला. पोहे होतेच, पण जेवणाच्या टेबलावर त्याचा ऑफिसचा लॅपटॉप उघडा होता, बाजूला मुलीचा पांढरा फळा होता आणि त्याच्यावर रकाने आखले होते. खिडक्या बंद, कोपऱ्यात हवा शुद्ध करणारं यंत्र घुरघुरत होतं. सल्लागारांच्या संकेतस्थळावर त्या क्विझची एक फुकटची आवृत्ती होती, कुणीही कितीही वेळा सोडवावी अशी. तो ती शुक्रवारपासून सोडवत होता. दर वेळी एकच उत्तर बदलायचं, बाकीची तशीच ठेवायची, आणि निकाल कुठे सरकतो ते बघायचं. पुण्यात आम्ही सगळे असेच वाढलो. स्कॉलरशिपच्या परीक्षेला बुद्धिमत्ता चाचणी असायची. बुद्धिमत्ता उपजत असते असं सरकार म्हणे आणि आमचे मास्तर तिचा वर्षभर क्लास घेत. स्वभावाचा क्लास मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

"पुढचा प्रश्न," त्याची बायको वाचत होती. "कामाच्या वेळात तुम्ही कुठल्या शहराचं हवामान बघता? अहो, हे अवघड आहे."

"पुणे नको," तो म्हणाला. "पुणे म्हटलं की परत जायचंय असं वाटेल."

"मग सिंगापूर म्हणा."

"सिंगापूरचं हवामान कोण बघतं?" मी म्हटलं. "रोज तेच तर असतं."

"हल्ली धूर असतो ना ताई. धुरासाठी बघतो म्हणता येईल." त्याने फळ्यावर सिंगापूर लिहिलं. "आपण इथले आहोत असंही दिसतं."

मुलगी सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. फोनवरून नजर न उचलता, शेवटी इथला 'लाह' लावून म्हणाली, "बाबा, जस्ट आन्सर ऑनेस्टली लाह."

"तू अभ्यास कर."

"इट्स नॉट अ टेस्ट."

"तुला कुणी सांगितलं?" तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात असं काही आलं की ती उठून आत गेली. बायकोने मला आणखी पोहे वाढले. ती म्हणाली, "ताई, तुम्हाला कळतं हो लिहिण्यातलं. बघा ना, कुठल्या प्रश्नात काय लपलंय." मी पाहिलं. मला काही लपलेलं दिसलं नाही. प्रश्न साधे होते, शेजारीण दारात उभी राहून विचारते तसे. जागेवरून उठताना लॅपटॉप मिटता का? एखादं पान उघडून आपण ते का उघडलं हे विसरता का? तेच मला पुढे बरेच दिवस आठवत राहिलं, की ते इतके साधे होते.

घरी जायच्या आधी मी एक विचारलं. "अरे, हा लॅपटॉप ऑफिसचा ना? याची नोंद राहत नसेल?"

"सगळ्याचीच राहते ताई," तो म्हणाला. त्याच्याच विभागाला ते सगळ्यात आधी माहीत होतं. "पण नोंद ठेवतात म्हणजे कुणी वाचतं असं थोडंच आहे?"

हा आपल्याकडचा विश्वास. आपण अशा देशातून आलो जिथे प्रत्येक दारावर रजिस्टर असतं आणि आत शिरणारा त्यात कुणाचंही नाव लिहितो, कारण ते पुन्हा कुणी उघडत नाही हे लिहिणाऱ्याला माहीत असतं आणि रखवालदारालाही. सिंगापूरमध्ये इतकी वर्षं काढून आमच्यापैकी पुष्कळांचा तो विश्वास गेला नव्हता.

क्विझ त्याने सोमवारी दिली. दीपगृह निघाला. इथवरच थांबला असता तर कदाचित पुढचं काही झालं नसतं. पण दुपारी आम्ही मराठी मंडळी पँट्रीत एकत्र डबा खायचो, आणि त्यांतले बरेचसे पासवाले. आपल्या माणसांना सांगायचं नाही हे त्याच्या स्वभावात बसणारं नव्हतं, आणि तो स्वभाव कुठल्या रकान्यात येत नव्हता. त्याने फळ्याचा फोटो सगळ्यांना पाठवला.

निकालाची सभा महिनाअखेरीस झाली. धूर थोडा हटला होता. मोठ्या पडद्यावर प्रत्येक प्रकाराचं चित्र आणि खाली नावं. फुलपाखरं पुष्कळ, खारी पुष्कळ; माझं नाव कॉफी यंत्र सांभाळणाऱ्या बाईंच्या शेजारी होतं, याचा मला आनंद झाला. मग दीपगृहं आली. वर साहेब लोक, आणि त्यांच्या खाली ओळीने आमची डब्याची सगळी पंगत. कर, कर, कर, मध्ये एक जोशी, पुन्हा कर. सभागृहात कुणी हसलं. ज्या किनाऱ्यावर इतकी दीपगृहं एका रांगेत उभी असतील तिथे जहाजांनी जपून यावं, असं मला वाटलं.

प्रमुखबाई हसल्या नाहीत. त्यांनी ती नावं शांतपणे, बरोबर उच्चारांनिशी वाचली. मग म्हणाल्या, "फारच छान. हे आम्हाला समजून घ्यायला आवडेल."

यानंतर काहीच झालं नाही. मला वाटतं तेच सगळ्यात वाईट होतं. पँट्रीत पहिले दोन-तीन दिवस थट्टा चालली. "या दीपगृह, जरा लोणच्याकडे उजेड पाडा." पाचव्या दिवशी कुणी थट्टा केली नाही. नोव्हेंबर गेला. बसमध्ये शेजारी माझ्या बाजूला बसून फोन हातात घ्यायचा, पडद्याकडे बघायचा आणि काही न उघडता परत खिशात टाकायचा.

डिसेंबरात त्याला बोलावणं आलं. ते त्याने मला बसमध्ये सांगितलं नाही. दोन थांबे आधी उतरायला लावलं आणि ईस्ट कोस्टच्या बाजूने आम्ही चालत आलो. समोर समुद्रात जहाजं नांगरून उभी होती.

"आत प्रमुखबाई होत्या आणि ते सल्लागार," तो म्हणाला. "चहा दिला. ओरडले नाहीत ताई. ओरडले असते तर बरं झालं असतं."

"काय म्हणाले?"

"पडदा होता. डावीकडे मी दिलेली उत्तरं. उजवीकडे लॅपटॉपने काय पाहिलं ते, वर्षभराचं. ते म्हणाले, उत्तरं आम्हाला नकोच असतात. दोन्हींत अंतर किती ते हवं असतं. सगळ्यांचं काढलंय."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं." तो बोटांवर मोजायला लागला. "पुण्याचं हवामान रोज सकाळी. पुण्यातल्या शाळांच्या प्रवेशाची पानं. दुसऱ्या नोकऱ्यांच्या जाहिराती. क्विझचा सराव, तो तर पूर्ण दिसत होता, तारखेवार. आणि आईच्या तपासण्यांच्या रिपोर्टचं पान. ते मी इतक्या वेळा उघडतो हे मलाच माहीत नव्हतं ताई. रिपोर्ट तर तोच आहे, मार्चपासूनचा. तो बदलत नाही."

मी एक व्यवहाराचं विचारलं. "पासचं काही बोलले?"

"तेच मी विचारलं. म्हणाले, मार्चला अजून वेळ आहे."

त्या तीन महिन्यांत त्या घरात कुणी परत जायचं आहे असं म्हटलं नाही, पण घर तयारीला लागलं. मुस्तफाच्या दुकानात एरवी दहा किलो तांदूळ घेणारी त्याची बायको दोन किलोची पिशवी घेऊ लागली. दिवाळीचे कंदील तिने माळ्यावर न टाकता मला आणून दिले, "तुमच्याकडे जागा आहे ना, राहू देत." मुलगी शाळेतून आली की सरळ खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. एकदा लिफ्टमध्ये तिने मला विचारलं, "काकू, इज बाबा इन ट्रबल?" मी म्हटलं, माहीत नाही बाळा. ती म्हणाली, "आय टोल्ड हिम, लाह," आणि रडायला लागली. शेजारी फक्त एवढंच करत होता की आता तो ऑफिसच्या लॅपटॉपवर काहीच बघत नव्हता. मग लक्षात आलं की एकदम काही न बघणं हेही दिसत असणार. तेव्हा त्याने पुन्हा हवामान बघायला सुरुवात केली. थोडं पुण्याचं, थोडं इथलं.

फेब्रुवारीच्या शेवटी त्याला पुन्हा बोलावलं. या वेळी तो धावत माझ्या टेबलाशी आला. पास होणार होता. कंपनीने अर्ज पुढे पाठवला होता, पूर्ण तीन वर्षांच्या मुदतीचा. एक बदल होता: सॉफ्टवेअरमधून त्याची बदली मनुष्यबळ विभागात झाली होती. सल्लागारांना पुढच्या वर्षीच्या क्विझसाठी त्याच्यासारखा माणूस हवा होता. "म्हणाले, आमचं यंत्र कसं विचार करतं हे इतक्या लवकर आजवर कुणालाच कळलं नव्हतं. आणि लोक त्याला कसे फसवतात हेही तुला कळतं."

"आणि तू हो म्हणालास."

"ताई," तो म्हणाला, "परीक्षा नोव्हेंबरात आहे तिची."

त्याच्या जागी मी काय केलं असतं हे मी त्या वेळी स्वतःला विचारलं नाही. विचारायची पाळी आली नाही म्हणून. त्या रविवारी त्यांच्याकडे श्रीखंड-पुरी होती. पँट्रीतली सगळी मंडळी आली होती. त्याची बायको प्रत्येकाच्या पानाशी थांबून आग्रह करत होती, आणि सगळे मनापासून जेवले. निघताना मात्र लोक नेहमीसारखे दारात रेंगाळले नाहीत.

नवी क्विझ वर्षाअखेरीस आली. पत्रक मीच लिहिलं. प्रश्न पाहिले आणि कळलं की पहिल्या वर्षीचे कुणा परक्याने लिहिले होते. आता विचारलं होतं: अशा प्रश्नावलीची उत्तरं तुम्ही एकट्याने देता की घरच्यांना विचारून? कामावर असताना मूळ गावाची बातमी उघडलीत तर आधी काय वाचता, राजकारण की निधनवार्ता? एखाद्या सहकाऱ्याने न मागता केलेली मदत तुम्ही पुढे पाठवता का? सल्लागारांना निधनवार्ता कुठून सुचली असती? आम्ही डबा खाताना जे बोलायचो ते सगळं तिथे होतं, स्वच्छ इंग्रजीत, नावं काढून.

त्या वर्षी आमच्या पंगतीतल्या दोघांचे पास पुढे गेले नाहीत. एक चिंचवडचा, एक डोंबिवलीची. कंपन्या तेव्हा सगळीकडेच माणसं कमी करत होत्या. याचा त्याच्याशी संबंध असेलच असं मी म्हणणार नाही. कुणीच तसं म्हटलं नाही. निरोपाला केक कापला, पांदानचाच. शेजारी आला होता, दोघांना भेटला, कुणाशी डोळे चुकवले नाहीत. पँट्रीत आम्ही आता वेगवेगळ्या वेळांना जेवू लागलो होतो. ठरवून नाही. मी बसही बदलली, घरी सांगितलं की ती लवकर पोचते.

मुलीची परीक्षा झाली. चांगली झाली. निकालाच्या दिवशी त्याची बायको पेढे घेऊन वर आली, माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसली. मी चहा ठेवला.

"आनंद आहे ना गं?" मी विचारलं.

"आहे ना. झालं एकदाचं." तिने पेढ्यांच्या डब्याचं झाकण काढलं, परत लावलं. "ताई, हे हल्ली घरीसुद्धा विचारतात."

"काय विचारतो?"

"काहीही. जेवायला बसले की, आजची भाजी कशी झाली असं मी विचारायचे ना पूर्वी, तर आता तेच मला विचारतात. तुला स्वतःला आजची भाजी कशी वाटली, एक ते पाच. आज दिवस कसा गेला, एक ते पाच. सवय झालीय म्हणतात कामाची."

"मग तू काय सांगतेस?"

"चार."

"रोज?"

"एकदा मी तीन म्हणाले. खरंच डोकं दुखत होतं त्या दिवशी." चहा उतू यायला लागला होता, मी गॅस बारीक केला. "तर यांनी नुसतं बघितलं. मग आठवड्याने म्हणाले, मागच्या मंगळवारी तीन म्हणाली होतीस, त्याचं कारण काय. मला आठवेना ताई. मी म्हटलं, चुकून म्हणाले असेन. तर म्हणाले, चुकून कुणी म्हणत नाही."

मी तिच्यापुढे कप ठेवला. ती तो दोन्ही हातांनी धरून बसली.

"लेक काय सांगते?" मी विचारलं.

"ती पाचच सांगते. विचारायच्या आधीच." तिने कपावर फुंकर घातली. "पास आणखी दोन वर्षं आहे."